यंत्राला न दिसणारी बाकी

कडेगाव तालुक्याला मूत्रपिंडाच्या आजाराची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. सोनसळ येथे जन्मलेले आणि भारती विद्यापीठाची उभारणी केलेले पतंगराव कदम यांचे ९ मार्च २०१८ रोजी मुंबईच्या लीलावती रुग्णालयात निधन झाले, तेव्हा त्यांच्या आजाराच्या बातम्यांतून ‘मूत्रपिंडाचा विकार’ हे शब्द या भागात घरोघर पोहोचले. त्याआधीही मधुमेह आणि रक्तदाब ही जोडगोळी पेठेतल्या अनेक घरांत मुक्कामाला आलेलीच होती. आज डायलिसिस हा शब्द दुकानाच्या गल्ल्यावर, लग्नाच्या मांडवात आणि मंदिराच्या ओट्यावर सहज उच्चारला जातो. मात्र त्या शब्दामागची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाचा मृत्यू ओढवतो तो बहुतेक वेळा हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने. घरातील सर्वांचे लक्ष यंत्राकडे लागलेले असते आणि संकट दुसऱ्याच दाराने आत येते.

कडेगावच्या पेठेतील एका व्यापारी घराची कल्पना करावी. कर्ते गृहस्थ साठी ओलांडलेले, वीस वर्षांचा मधुमेह, दुकान आता मुलाच्या हाती. आठवड्यातून तीन दिवस पहाटे गाडी निघते; कधी कराड, कधी सांगली-मिरजेच्या रस्त्याने. चार तास यंत्रावर पडून राहायचे आणि दुपार कलल्यावर थकून घरी परतायचे. ज्या माणसाने उभे आयुष्य तराजूसमोर घालवले, त्याचेच वजन आता यंत्रावर बसण्यापूर्वी एकदा आणि उतरल्यावर एकदा केले जाते. शरीरात जादा पाणी नसताना जे वजन असावे, त्याला डॉक्टर ‘कोरडे वजन’ म्हणतात. दोन डायलिसिसच्या मध्ये जेवढे वजन वाढले, तेवढे पाणी शरीरात साठले, असा तो रोखठोक हिशेब आहे. व्यापाऱ्याला हा हिशेब लगेच समजतो. अडचण अशी, की शरीराच्या खतावणीत याखेरीज आणखी एक खाते असते आणि त्याची बाकी या काट्यावर दिसत नाही.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करतात. आठवड्यातून तीनदा चार तास, म्हणजे १२ तास चालणारे यंत्र त्यांची बरोबरी करू शकत नाही. ते युरिया काढते, पोटॅशियम काढते, जादा पाणी ओढून घेते. फॉस्फरस मात्र त्याच्या हाती पुरता लागत नाही, कारण त्याचा मोठा साठा रक्ताबाहेर, पेशींत आणि हाडांत असतो. जेवणातून रोज जमा होत राहते, खर्ची पडते ते त्याहून कमी. ही शिल्लक वर्षानुवर्षे साचत जाते आणि तिचे घर शेवटी रक्तवाहिनीच्या भिंतीत होते.

बोअरच्या जड पाण्याने नळात क्षार कसा धरतो, हे कडेगावात कोणाला सांगायला नको. रक्तवाहिनीत जे घडते ते वरवर पाहता तसेच दिसते; पण त्याची घडण अधिक विलक्षण आहे. रोहिणीच्या भिंतीच्या मधल्या थरात स्नायूंच्या पेशी असतात. रक्तात फॉस्फरस वाढलेला राहिला, की या पेशी आपला स्वभाव बदलतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशींसारखे वागू लागतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे थर तेथे बसू लागतात आणि रबरी नळीसारखी लवचीक असलेली वाहिनी ताठर होत जाते. मधुमेहामुळे आतल्या थरात चरबीचे थर साचतात ते वेगळेच. सर्वसाधारण हृदयरोग्याच्या वाट्याला मुख्यतः हा दुसरा प्रकार येतो; डायलिसिसच्या रुग्णाला दोन्ही.

ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून या तालुक्याच्या माळावर आणले. पंपावरचा भार नळीवर अवलंबून असतो, हे त्यामुळे येथील शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. वाहिन्या ताठ झाल्या, की रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि त्या जाड स्नायूला स्वतःलाच रक्त कमी पडू लागते. अशा हृदयाच्या रुग्णाला छातीत कळ येईलच असे नाही. मधुमेहात वेदनेची जाणीवही बोथट झालेली असते. थोडे चालल्यावर लागणारी धाप, कारण न कळता आलेला थकवा, यंत्रावर असताना वारंवार एकदम खाली येणारा रक्तदाब, एवढीच त्याची खूण असू शकते. घरची माणसे म्हणतात, ‘डायलिसिसचा शीण आहे, निजू द्या.’ तो शीण असेलही. पण त्याची नोंद डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय त्याला शीण म्हणू नये.

हे ज्ञान जगाला सहज मिळालेले नाही. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सेलोफेनची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून पहिले उपयोगी यंत्र बनवले. ते काही दिवसांच्या संकटापुरते होते. कायमचे निकामी झालेले मूत्रपिंड घेऊन माणूस वर्षानुवर्षे जगू शकेल, हे १९६० साली अमेरिकेतील सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिबनर यांनी दाखवून दिले. हाताच्या रोहिणीत आणि शिरेत कायमची ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी त्यांनी बसवली. क्लाइड शील्ड्स नावाचा एक यंत्रकामगार हा त्यांचा पहिला रुग्ण. मृत्यूच्या दारातून परतलेला हा माणूस पुढे अकरा वर्षे जगला. १९७१ साली त्याचा अंत झाला तो हृदयविकाराच्या झटक्याने. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, स्क्रिबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या ३९ रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. त्यांपैकी २३ दगावले होते आणि त्यातील १४ मृत्यूंचे कारण रक्तवाहिन्यांचा विकार हे होते. यंत्राने आयुष्य वाढवले होते आणि वाढलेल्या आयुष्यात वाहिन्या झपाट्याने जुन्या होत होत्या. पुढे २००० साली एका अभ्यासात वीस ते तीस वर्षे वयाच्या १६ डायलिसिस-रुग्णांच्या हृदयाची तपासणी झाली, तेव्हा १४ जणांच्या हृदयवाहिन्यांत कॅल्शियम बसलेले आढळले. तरुण वयाचे कवच या आजारात पुरेसे पडत नाही.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द सामान्य वाचकाच्या परिचयाचा झाला, तो प्रामुख्याने जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, त्यांना अटक झाली आणि चंदीगड येथे स्थानबद्ध ठेवण्यात आले. मधुमेह आणि हृदयाचे दुखणे त्यांच्या मागे होतेच. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. हे रुग्णालय सेठ लोकूमल चनराय या व्यापाऱ्याच्या दानातून उभे राहिलेले, दोनच वर्षांपूर्वी, १९७३ साली सुरू झालेले. तेथून पुढे जयप्रकाशांचे जीवन यंत्राशी बांधले गेले. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून आलेले ९०,००० रुपये त्यांनी स्वीकारले नाहीत. लोकांनी रुपया-रुपया जमवून यंत्राचा खर्च उचलला. आठवड्यातून अनेक तास यंत्रावर काढणाऱ्या या माणसाने १९७७ च्या निवडणुकीत विखुरलेल्या पक्षांची मोट बांधली. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्येच अत्यवस्थ असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी संसदेत सांगितली गेली, देश शोकात बुडाला आणि ते मात्र जिवंत होते. पुढे ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. मूत्रपिंडाचे काम यंत्राने जवळजवळ चार वर्षे निभावले होते. मधुमेहाने आणि हृदयविकाराने शेवटचा हिशेब केला.

कडेगावच्या त्या घरातील गृहस्थांच्या डाव्या हातावर मनगटाजवळ एक जाड शीर फुगलेली दिसते. रोहिणी आणि शीर जोडून केलेला हा ‘फिस्टुला’. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो या डॉक्टरांनी १९६६ साली रूढ केलेली ही युक्ती आजही डायलिसिसचा सर्वांत चांगला आधार मानली जाते. त्या जागी बोटे ठेवली, की मांजर घुरघुरावे तशी थरथर लागते. ती रोज सकाळी तपासायची. त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, पोते किंवा जड पिशवी अडकवायची नाही, घट्ट कडे किंवा घड्याळ घालायचे नाही. थरथर थांबली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डायलिसिस केंद्राला कळवायचे. हा फिस्टुला हीसुद्धा एक रक्तवाहिनीच आहे. वाहिन्या कडक झालेल्या रुग्णात तो करणेही अवघड आणि टिकवणेही अवघड.

हातापेक्षा दुर्लक्षित राहतात ते पाय. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर उतरतो, पावले थंडगार पडतात, बोटाच्या टोकाला काळसर डाग येतो, चपलेने झालेली लहानशी जखम महिना उलटला तरी भरत नाही. पायाच्या वाहिन्या अरुंद झाल्याच्या या खुणा आहेत. पायाचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडून पाहण्याची एक सोपी तपासणी असते. परंतु डायलिसिसच्या रुग्णात वाहिनी इतकी ताठ असते, की पट्ट्याने दाबली जात नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा डॉपलर तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते. मंदिरात आणि तीर्थयात्रेत अनवाणी चालण्याची रीत असलेल्या कुटुंबांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बधिर झालेल्या पायाला तापलेली फरशी कळत नाही आणि तेथे उठलेला फोड पाऊल गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. रोज रात्री घरातील कोणीतरी दिव्याच्या उजेडात दोन्ही तळपाय पाहावेत. याला खर्च काहीच नाही.

उपचारांच्या बाबतीत एक विचित्र सत्य स्वीकारावे लागते. इतर हृदयरोग्यांना जे हमखास उपयोगी पडते, ते डायलिसिसच्या रुग्णाला तेवढे पडेलच असे नाही. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचे उदाहरण घ्यावे. जर्मनीत मधुमेही डायलिसिस-रुग्णांवर झालेला १,२५५ जणांचा अभ्यास २००५ साली आणि अनेक देशांतील २,७७६ जणांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींत गोळीने कोलेस्टेरॉल उतरले, पण हृदयाच्या झटक्यांत आणि मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर ही गोळी नव्याने देण्याचा आग्रह धरला जात नाही. आधीपासून चालू असेल तर मात्र ती चालू ठेवतात. कोणाच्या सांगण्यावरून ती परस्पर बंद करू नये. अँजिओप्लास्टीचेही तसेच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्रपिंडे गंभीर बिघडलेल्या ७७७ रुग्णांत, ज्यांतले निम्म्याहून अधिक डायलिसिसवर होते, स्थिर हृदयविकारासाठी आधीच फुगा-स्टेंट किंवा बायपासची वाट धरल्याने केवळ औषधांपेक्षा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. याचा अर्थ झटका आला असताना घरी बसावे असा मुळीच नाही. ती वेळ तातडीने रुग्णालय गाठण्याचीच. पण अहवालात ‘ब्लॉकेज’ हा शब्द दिसला, की दागिने गहाण टाकून दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेला निघावे, ही घाई मात्र टाळता येते. मूत्रपिंडतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ या दोघांना एकमेकांशी बोलते करणे, हे कुटुंबाचे खरे काम.

औषधाइतकीच परिणामकारक गोष्ट म्हणजे नियमितपणा. आठवड्यात तीन डायलिसिस असले, की एकदा दोन दिवसांचे मोठे अंतर पडतेच. अमेरिकेतील ३२,०६५ रुग्णांची नोंद तपासून २०११ साली असे दाखवले गेले, की मृत्यूचे आणि हृदयाच्या संकटाचे प्रमाण या मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी सर्वांत अधिक असते. पाणी साठलेले, पोटॅशियम चढलेले आणि ताठर वाहिन्यांमागे थकलेले हृदय, अशी ती स्थिती. लग्नसराईत, दिवाळीच्या वहीपूजनाला किंवा वार्षिक यात्रेला ‘एक दिवस पुढे ढकलू’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हे अंतर दोनाचे तीन दिवस होते. बाहेरगावी जायचेच असेल, तर तेथील केंद्रात आधी नोंदणी करून जावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश असल्याने जवळच्या संलग्न रुग्णालयाची चौकशीही करून ठेवावी.

आहाराच्या प्रश्नाशी येऊन मात्र जैन घराची परंपरा मदतीला उभी राहते. बाह्य तपांत ऊनोदरी आहे, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे. रसपरित्याग आहे, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या रसांपैकी काहींचा त्याग. पाणी मोजून पिणारा आणि मीठ सोडणारा रुग्ण ज्या नियमाने जगतो, त्याला या घरांत नाव आधीपासून आहे. मीठ कमी झाले, की तहान कमी होते आणि दोन डायलिसिसमधील वजन आटोक्यात राहते. फॉस्फरसच्या दृष्टीने दूध-दह्याला मर्यादा घालावी लागते. डाळी आणि धान्ये यांतील फॉस्फरस शरीरात पुरता शोषला जात नाही, ही शाकाहारी माणसाची जमेची बाजू. उलट पाकीटबंद पदार्थ, प्रक्रिया केलेले चीज आणि काही शीतपेये यांत टिकाऊपणासाठी किंवा चवीसाठी घातलेले फॉस्फेट जवळजवळ सगळे रक्तात उतरते. हे माल ज्याच्या फळीवर रोज विकायला असतात, त्यानेच पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत, हे ओघाने आले. ‘लो-सोडियम’ मिठाचा पुडा तर अशा घरात येऊच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि ते हृदय थांबवू शकते. शहाळे, केळी आणि सुका मेवा यांचा उपवासातील मुक्त वापरही त्याच कारणाने धोक्याचा. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. रिकाम्या पोटी त्या वाया जातात. रात्रिभोजन-त्याग पाळणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून सूर्यास्तापूर्वी बसवून घ्याव्यात. पर्युषणातील उपवासासंबंधी तर डॉक्टरांना आणि गुरुजनांना दोघांनाही विचारावे. यथाशक्ति तप ही मर्यादा परंपरेनेच घालून दिली आहे.

एक अवघड प्रश्न मात्र टाळता येत नाही. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन सामान्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. अहिंसा ज्यांच्या ताटापासून सुरू होते, त्यांना हे कळले, तर मन चरकणे स्वाभाविक आहे. रक्तस्रावाची भीती असलेल्या रुग्णात हेपॅरिनशिवायही डायलिसिस करतात. पण त्यात यंत्रात रक्त गोठण्याचा धोका वाढतो आणि ते नेहमीसाठी सोयीचे नसते. घरातील वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न लपवून ठेवण्यापेक्षा रुग्णाशी मोकळेपणी बोलावा आणि निर्णय त्याच्या हाती राहू द्यावा. ज्याच्या नसांतून ते औषध जाते, त्याच्या विवेकावर दुसऱ्याने कुलूप घालू नये.

मूत्रपिंडारोपण हा डायलिसिसपेक्षा उजवा मार्ग, आणि वाहिन्यांच्या दृष्टीनेही तो जेवढा लवकर, तेवढा बरा. कारण एकदा बसलेले कॅल्शियम सहसा उतरत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातलगांना दानाची वाट करून दिली. भारतात जिवंत दाते बहुतांशी स्त्रिया असतात. आई देते, पत्नी देते. घरातील बैठकीत ‘तिचे चालेल’ असे ठरवण्यापूर्वी तिला एकटीला विचारले गेले का, हे पाहणे कुटुंबाच्या न्यायबुद्धीचे काम आहे.

आणि ज्यांची वेळ अजून आलेली नाही, त्यांच्यासाठी हिशेब फारच सोपा आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोजच्या करू नयेत. तंबाखू आणि मिश्री घरातून जावी. मूत्रपिंड निम्म्याहून अधिक बिघडेपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही आणि वाहिन्यांची झीज मात्र तेव्हाच सुरू झालेली असते. मालाचा घसारा वर्षाअखेरीस न चुकता मांडणाऱ्या घरांनी शरीराचा घसाराही त्याच शिस्तीने, पाडव्याच्या आत मांडावा. तेवढ्या एका चिठ्ठीने कडेगावहून पहाटे निघणाऱ्या गाडीतली एक जागा कदाचित कायमची रिकामी राहील.